विचारा बिनधास्त : पोरगा जपानी कार्टून बघून बदललाय, काय करू?

मागच्या अंकात सहज एका ओळीत लिहून गेले की मी चाळीशी ओलांडलेली ड्रॉइंगची बाई रात्री भांडी आवरून झाली की ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघत बसते, तर त्यावर एवढी पत्रं आली की यावेळी भाडेकरू, नणंद, दहावीनंतर काय वगैरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ते पुढच्या महिन्यात, रागावू नका. पाच पत्रं घेतलीयत. एकाचं उत्तर लांबलंय, एकाचं अगदीच तुटक आहे, तेही चालवून घ्या.

ताई, माझा झील अकरावीत आहे. आम्ही देवगडचे, कलमं आहेत आमची. दहावीच्या सुट्टीपासून जपानी कार्टूनचं वेड लागलंय. व्हॉलीबॉलचं कुठलंतरी बघितल्यापासून रोज संध्याकाळी खळ्यात भिंतीवर बॉल आपटत असतो, पहाटे उठून वाळूत धावायला जातो, ते चांगलंच म्हणा. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल, जेवताना मोबाईल, काय विचारलं तर ‘तुला नाय कळणार आई’. परवा आंब्याच्या पेट्या भरायला बसवला तर भलतंच काहीतरी जपानी बडबडत होता. ह्यांचं म्हणणं मोबाईल काढून घे. घेऊ का? — एक आई, देवगड

ताई, रात्रीचा घ्या, दिवसाचा नको. अकरा वाजता फोन तुमच्या उशाशी, यात वाद नको, कारण सोळा वर्षाच्या पोराला झोप हवी असते आणि ती कुठल्याही हिरोपेक्षा महत्त्वाची आहे. पण सगळाच काढून घेतलात तर तो बॉलपण ठेवून देईल, हे मी बघितलंय आमच्या शाळेत.

आधी एक सांगते, तुम्ही स्वतः ॲनिमे बघितलंय आणि तुम्हाला पत्ता नाही. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा ना, चड्डी पहनके फूल खिला है, ते जपानी होतं. १९८९ ला जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने काढलेली मालिका, आपल्याकडे हिंदीत आली, आणि शेरखानला आवाज कोणाचा, तर आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. आमच्या वाडीत एकच टीव्ही होता, अँटेना फणसावर बांधलेली, वारा आला की एक जण वर चढायचा आणि बाकीचे खालून ‘आली, आली, गेली’ ओरडायचे. त्यानंतर सहा महिने आम्ही सगळी पोरं माकडासारखी काजूच्या झाडांवर होतो आणि माझ्या आईचं तेव्हाचं वाक्य आणि तुमचं आजचं वाक्य यात एका शब्दाचा फरक नाही.

आता तुमचा झील. तो बघतो ते बहुतेक ‘हायक्यू’ असणार. त्यातला हिनाता म्हणून पोरगा आहे, उंची जेमतेम १६३ सेंटिमीटर, खेळ कुठला तर उंच माणसांचा. तो उडी मारतो. पण मला त्यातलं जे आवडतं ते उडी नाहीय. पहिल्या सीझनच्या शेवटी ही टीम हरते, अगदी थोडक्यात हरते, आणि मग कोच त्यांना एका छोट्याशा खानावळीत घेऊन जातो, पुढ्यात ताटं ठेवतो आणि म्हणतो खा, दमलेले स्नायू खाल्ल्याशिवाय भरून येत नाहीत. आणि ती सगळी आडदांड पोरं रडत रडत भात खातात. कोणी भाषण देत नाही, कोणी मिठी मारत नाही, नुसता भात. मी ते बघून मध्येच उठून चहा टाकला होता, बसवेना. आमच्या गावची कबड्डीची टीम फायनल हरून आली की मंडळाच्या अध्यक्षांकडे हेच व्हायचं, फक्त ताटात कोळंबीचं सुकं असायचं. तर तुमचा पोरगा रात्री दोनपर्यंत बघतो ते हे आहे, ते मारामारीबिरामारी नाहीय सगळं.

पण सगळंच गोड नाही, तेही सांगते. ॲनिमेत सराव तीन मिनिटांत होतो. मागे गाणं वाजतं, सूर्य उगवतो मावळतो, हिरो तयार. खऱ्या आयुष्यात तीन महिने बॉल भिंतीवर आपटूनही सर्व्हिस नेटमध्येच जाते आणि तेव्हा पोरं खचतात, कारण डोक्यात ते गाणं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं चित्राच्या बाबतीत अगदी हेच होतं, हिरोचे डोळे एकदम फर्स्टक्लास काढतात आणि हात काढायची वेळ आली की सगळ्यांचे हात पाठीमागे किंवा खिशात! हाताची बोटं काढायला दोन वर्षं जातात, हे कुठल्याच एपिसोडमध्ये नसतं. त्यामुळे तो खचला की तुम्ही हसू नका, एवढंच. तालुक्याला किंवा त्याच्या कॉलेजात व्हॉलीबॉल खेळणारी पाच पोरं शोधून द्या, भिंत बॉल परत देते पण शिव्या देत नाही, टीमला शिव्या लागतात.

दुसरं, वेळेचं गणित त्यालाच करायला लावा. ‘नारुतो’ नावाची मालिका आहे, पहिली २२० एपिसोडची आणि पुढची ५०० ची. मिळून ७२०, एक साधारण २३ मिनिटांचा धरला तर २७६ तास होतात, म्हणजे न झोपता न जेवता साडेअकरा दिवस. मी हे गणित स्वतःचं केलं तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण मी ते सगळे बघितलेत, आणि काही एपिसोड तर नुसता वेळ काढायला बनवलेले असतात, पोरं त्याला फिलर म्हणतात. त्याला सांगा फिलर सोड. त्याला वाटेल आईला फिलर माहितीय! अर्धं काम तिथेच होईल.

आणि त्याच नारुतोतलं एक. तो अनाथ पोरगा, अख्खं गाव त्याच्याकडे पाठ फिरवतं, आणि सगळे म्हणतात तो जिद्दीने पुढे आला. जिद्द आहेच. पण मला विचाराल तर त्याचं आयुष्य फिरतं ते इरुका नावाच्या एका साध्या मास्तरमुळे, जो त्याला शेजारी बसवून नूडल्स खायला घालतो. तर तुम्ही एक एपिसोड त्याच्या शेजारी बसून बघा. ‘याचा उपयोग काय’ असं विचारू नका, ‘यातला तुला कोण आवडतो’ एवढंच विचारा. आणि बघता बघता कळेल की तो नक्की काय काय बघतो, कारण चित्रात आहे म्हणजे लहान मुलांचं आहे असं अजिबात नाही, काही ॲनिमेत माणसं कापलेली दाखवतात, काहींत बाईचं चित्र इतकं वाह्यात काढलेलं असतं की मीच बंद करते. ते तुमच्या डोळ्याखालून गेलेलं बरं.

ताई, मी २६ वर्षांचा, चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेतलं आमचं दुकान गेलं, पाणी पार माडीला टेकलं होतं, आम्ही रात्रभर पत्र्यावर होतो. त्यानंतर दीड वर्षं मी काहीच केलं नाही, नुसतं ॲनिमे बघायचो. मग २०२३ ला ‘सुझुमे’ बघितला आणि थिएटरात एवढा रडलो की शेजारच्याने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन दुकानाचं शटर उघडलं. आता दुकान चालू आहे. पण हे कोणाला सांगितलं की हसतात, कार्टून बघून दुकान उघडलं म्हणे. मलाच कधीकधी वाटतं की मी येडा आहे का. — नाव नको

येडा नाहीस रे बाबा.

वाचकांना आधी सांगते की हा सिनेमा काय आहे. मकोतो शिंकाई यांचा, जपानमध्ये २०२२ ला आला, आपल्याकडे पुढच्या एप्रिलमध्ये. जपानात ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, त्यात सुझुमे या पोरीची आई गेलेली, तेव्हा ती एवढीशी. आता ती मोठी झालीय आणि तिला ओसाड पडलेल्या जागांमधली दारं बंद करत फिरावं लागतं, बंद पडलेलं गरम पाण्याच्या झऱ्याचं गाव, रिकामी शाळा, गंजलेला पाळणा असलेली जत्रेची बाग, कारण त्या दारांतून भूकंप बाहेर येतो. आणि दार बंद करायची अट काय, तर डोळे मिटून त्या जागी पूर्वी राहणाऱ्या माणसांची आठवण काढायची, त्यांचे आवाज ऐकू यायला लागले की मगच कुलूप फिरतं.

मी हे बघत होते आणि मला आमच्या आळीतली घरं दिसत होती. सात घरांपैकी चारांना कुलूप, माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एकाला तर गणपतीलापण कोणी येत नाही, त्याच्या पडवीत आता वाळवी चढलीय. जपानची खेडीपण अशीच रिकामी होतायत, पोरं शहरात, म्हातारी माणसं मागे. आपल्याला वाटतं जपान म्हणजे बुलेट ट्रेन!

आणि दार बंद करताना तो सोता म्हणून पोरगा जे म्हणतो ते ऐकून मी ताडकन उठून बसले. थोडक्यात त्याचा अर्थ असा की हे भूमीच्या देवा, आमच्या पूर्वजांच्या देवा, हे डोंगर आणि नद्या इतकी वर्षं तू आम्हाला वापरायला दिल्यास, त्या आता नम्रपणे तुला परत करतो. हे गाऱ्हाणं आहे! शब्द जपानी आहेत, पण हे गाऱ्हाणंच आहे. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून गावचा मानकरी उभा राहतो, बारा-पाचाच्या देवाला हाक घालतो, या जागेच्या राखणदाराला, मूळ पुरुषाला, आणि मागून सगळे ‘व्हय म्हाराजा’. आमचे आजोबा घालायचे. मी लहानपणी त्या ‘व्हय म्हाराजा’ला फिदीफिदी हसायचे आणि पाठीत धपाटा खायचे. पस्तीस वर्षांनी एका जपानी पोराच्या तोंडून ते ऐकल्यावर मला कळलं की आजोबा मागणं मागत नव्हते नुसतं, ते त्या जागेला विचारत होते. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून म्हटलं गाऱ्हाण्याचे शब्द कोणाला पाठ आहेत आता, तर म्हणाली दोघांना, एक ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने घालतो. मी जाऊन फोनवर रेकॉर्ड करून आणलं. जपानी सिनेमाने माझ्या आयुष्यात काय केलं असं कोणी विचारलं तर मी हे रेकॉर्डिंग ऐकवते, बाकी काही नाही.

तुझंही तसंच झालंय. त्या सिनेमात तिच्या लहानपणीच्या डायरीत ११ मार्चपासूनची पानं काळ्या खडूने गिरमटलेली आहेत, आठवतंय? पान उलटलं तरी काळं. तुझी ती दीड वर्षं म्हणजे ती पानं होती. तू बघत होतास म्हणून आळशी झालास असं नाही, तुला काही करता येत नव्हतं म्हणून तू बघत होतास, आणि बघता बघता एक असं लागलं की ज्याने तुझं तुलाच दाखवलं. माझंही ३ जून २०२० नंतर असंच झालं होतं, निसर्ग वादळात आमच्या वाडीतली पोफळी आडवी झाली, नारळ गेले, घराची कौलं शेजारच्या विहिरीत, लाईट गेली ती बावीस दिवस. लाईट आल्या आल्या मी आधी काय केलं असेल तर फोन चार्ज करून अर्धा राहिलेला एपिसोड लावला. आई बघत राहिली माझ्याकडे. तिला वाटलं पोरगी गेली हातची. मला वाटतं त्या अर्ध्या तासानंतरच मी पहिल्यांदा बागेत जाऊन किती झाडं उरलीत ती मोजली.

लोकांना हसू दे, त्यांना सांगायचंच कशाला? शटर उघडलं एवढं सांग. फक्त एक विचारते, मोठा पाऊस लागला की तुला अजून झोप येत नाही का? छातीत धडधड, सारखा नदीचा अंदाज घेणं, असं असेल तर ते सिनेमावर सोडू नकोस. टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, बोल त्यांच्याशी. सिनेमाने दार दाखवलं, पण रोज रात्री त्याला कडी घालायला माणूस लागतो.

संपादक महोदय, आपल्या सदरात असल्या गोष्टींना उत्तेजन देऊ नये. ही मुले वास्तवापासून पळतात. जपानमध्येच लाखो मुले यामुळे खोलीत कोंडून घेतात असे वाचले. — एक निवृत्त मुख्याध्यापक, मालवण

सर, नमस्कार. खोलीत कोंडून घेण्याला तिकडे हिकिकोमोरी म्हणतात, सहा महिने आणि त्याहून जास्त माणसांतून उठून जाणं. हा शब्द १९९८ मध्ये सायतो तामाकी या मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकामुळे घरोघरी पोचला. पण त्यामागे शाळेतला छळ, परीक्षा, नोकरीतलं अपयश, घरातली लाज अशी पुष्कळ कारणं असतात, ॲनिमेमुळे होतं असं म्हणणं म्हणजे छत्र्यांमुळे पाऊस पडतो असं म्हणणं झालं. मुलगा खोलीबाहेर येईनासा झाला तर काळजी जरूर करावी, तो काय बघतो याच्या आधी तो कोणाशी बोलायचा थांबला ते बघावं.

आणि सर, मालवणचे आहात म्हणून विचारते, जत्रेला रात्रभर दशावतार बघून सकाळी तुमच्या वर्गात डुलक्या काढणारी, मधल्या सुट्टीत संकासुर होऊन पट्ट्यांनी मारामाऱ्या करणारी पोरं आठवतात का? त्यांना तुम्ही काय शिक्षा केलीत?

ताई मी रत्नागिरीची, बीकॉम सेकंड इयर. चार वर्षं ॲनिमे बघून मला जपानी बऱ्यापैकी समजतं. जपानला जायचंय. क्लास लावायची खरंच गरज आहे का? — ओ. के.

आहे. तुला समजतं ते सगळं हिरो-व्हिलनचं जपानी आहे. भांडणातला ‘तेमे’ तू तिकडे दुकानदाराला म्हणालीस तर काय होईल, आपल्याकडे बँकेत जाऊन मॅनेजरला ‘काय रे ए’ म्हटल्यावर होईल तेच. आणि नारुतोचं ‘दात्तेबायो’ तिकडे कोणीही बोलत नाही, ते फक्त त्याचं.

पण मराठी असण्याचा तुला फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, ‘मी आंबा खाते’ म्हणजे ‘वाताशी वा मांगो ओ ताबेमासु’, अगदी त्याच क्रमाने, आणि आपल्या ला-ने-चा सारखे प्रत्यय तिकडेपण शब्दाच्या मागेच लागतात. वर तू-तुम्ही-आपण सांभाळायची सवय आपल्याला आहेच. त्यांची अक्षरं अ-इ-उ-ए-ओ अशी लागतात, मग क पासून सुरू होऊन य-र-व पर्यंत, कारण बौद्ध भिक्षूंनी आपल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तो क्रम तिकडे नेला. आपली सरस्वतीही तिकडे पोचलीय, बेंझाइतेन नावाने.

जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा दे. एन फाइव्ह सगळ्यात सोपी, एन वन सगळ्यात अवघड, साधारण जुलै आणि डिसेंबरला असते, पुण्यात केंद्र आहे. त्यात बोलायची परीक्षा नसते हे लक्षात ठेव, म्हणजे पास झालीस तरी तोंड उघडायचं वेगळं शिकावं लागेल. घरी ‘ॲनिमेमुळे जपानला जातेय’ असं सांगू नकोस, ‘भाषेचा कोर्स करतेय’ सांग. खोटं नाही ते.

माझे वय ७४. वेळणेश्वरला असतो. सुट्टीत आलेला नातू ‘तोतोरो’ नावाचे काहीतरी बघायला बसा म्हणून मागे लागला आहे. आम्ही त्यात काय बघावे? — आजोबा

आजोबा, नक्की बसा. १९८८ चा सिनेमा, हायाओ मियाझाकींचा, दीड तासाच्या आतला. दोन बहिणी, आई आजारी म्हणून इस्पितळात, बाप त्यांना घेऊन गावातल्या जुनाट घरात राहायला येतो. व्हिलन कोणीच नाही. मारामारी नाही. अंगणाच्या पुढे एक भलंमोठं कापराचं झाड आहे, त्याला जाड दोर बांधलेला, आणि बाप पोरींना घेऊन त्या झाडासमोर जाऊन वाकून नमस्कार करतो, आमच्या पोरींवर लक्ष ठेव म्हणून. तुम्हाला नातवाला विचारावं लागणार नाही की हे काय चाललंय, उलट तुम्हीच त्याला देवराईत नेऊन दाखवू शकाल की आपल्याकडेपण राखणदार असतो आणि तिथली काटकी तोडत नाहीत.

मग एक सीन येईल, पावसात एसटीच्या थांब्यावर दोघी बापाची वाट बघत उभ्या असतात, बस येते आणि त्यात बाप नसतो, अंधार पडतो, धाकटी पेंगायला लागते. तिथे बराच वेळ काही होत नाही, नुसता पाऊस पडतो. नातवाला पुढे ढकलू देऊ नका. तुम्ही कधी गुहागरच्या शेवटच्या गाडीची वाट बघितली असेल तर ती गोष्ट तेव्हाच सांगा, मध्येच थांबवून, तो कुरकुरला तरी.

खालच्या ओळी इंग्रजीत येतात आणि बारीक असतात, चष्मा घेऊन बसा, नाहीतर नातवालाच मराठीत सांगायला लावा. आणि लाईट जायच्या आत लावा.